वीज खासगी हातात जाण्यापूर्वी: वस्तीने ठेवायच्या नोंदी, तपासायचे कागद आणि विचारायचे प्रश्न

भिवंडीतील वीज वितरणाचा कारभार २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणकडून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेला. त्यापूर्वी त्या शहराला पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते, भारनियमन पाचवीला पुजलेले होते आणि यंत्रमागांची धडधड तासन्‌तास थांबत असे. पुढच्या काही वर्षांत ही गळती झपाट्याने खाली आली. त्याच काळात वाढीव बिले, बदललेले मीटर आणि छापे यांच्या विरोधात त्याच शहरात मोर्चेही निघाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अडचण अशी की शहराची एकूण गळती कंपनीच्या दप्तरात नोंदलेली असते, पण अमुक गल्लीत वीज किती वेळा जात होती, किती तारा लोंबत होत्या, किती घरांचे मीटर काढून नेले, हे कोणीच लिहून ठेवलेले नसते. त्यामुळे वाद ‘पूर्वी बरे होते’ आणि ‘आता बरे आहे’ या दोन वाक्यांपलीकडे सरकत नाही.

ही मार्गदर्शिका गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, प्रभागातील कार्यकर्ते, ग्रामपंचायत सदस्य आणि महिला बचत गट यांच्यासाठी आहे. आपल्या भागातील वीज व्यवस्था खासगी कंपनीकडे जाणार असेल किंवा नुकतीच गेली असेल, तर तिचा वस्तीच्या सुरक्षिततेवर आणि कल्याणावर काय परिणाम होतो हे कसे मोजावे आणि त्या मोजणीचा उपयोग कुठे करावा, एवढाच तिचा विषय आहे. खासगीकरणाच्या बाजूने किंवा विरोधात घोषणा तयार करायच्या असतील, तर ती फारशी कामाची नाही.

नेमके काय खासगी होत आहे?

पहिले काम शब्दांचा उलगडा करण्याचे. ‘वीज खासगी झाली’ असे म्हणताना लोक चार वेगळ्या व्यवस्थांविषयी बोलत असतात आणि प्रत्येकीत उत्तरदायी कोण, हे वेगळे असते.

भिवंडीत आहे ती फ्रँचायझी. वितरणाचा परवाना महावितरणकडेच राहतो. खासगी कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज विकत घेते, ती ग्राहकांना पुरवते आणि वसुली करते. ग्राहकाला लागणारा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलाच असतो, त्यामुळे ‘कंपनी आली म्हणून दर वाढला’ ही तक्रार येथे सहसा टिकत नाही. बिल वाढते ते मीटर बदलल्यामुळे, मंजूर भार (जोडणीसाठी मंजूर झालेली विजेची कमाल मर्यादा) किंवा वर्गवारी (घरगुती, व्यापारी अशी) बदलल्यामुळे, किंवा पूर्वी न मोजलेला वापर मोजला जाऊ लागल्यामुळे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १४ नुसार फ्रँचायझीला स्वतंत्र परवाना लागत नाही, मात्र त्या भागातील वितरणाची जबाबदारी मूळ परवानाधारकावरच राहते. हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखे आहे, कारण ‘आता आमचा संबंध नाही, कंपनीकडे जा’ हे उत्तर महावितरणच्या कोणत्याही कार्यालयाला कायद्याने देता येत नाही. याच तरतुदीची दुसरी बाजू अशी की फ्रँचायझी नेमण्यासाठी परवान्याची प्रक्रियाच होत नसल्याने परवान्याच्या अर्जावर होते तशी जनसुनावणी येथे होत नाही. करार होतो आणि वस्तीला तो वर्तमानपत्रातून कळतो.

दुसरी व्यवस्था समांतर परवान्याची. एकाच भागात दुसरी कंपनी स्वतःचे जाळे उभारून वीज विकते. मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी अदानी समूहातील कंपनीने २०२२ मध्ये असा अर्ज केला आणि त्याच्या विरोधात वीज कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांचा संप पुकारला, जो तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीनंतर पहिल्याच दिवशी मागे घेण्यात आला. तिसरी व्यवस्था संपूर्ण कंपनीच खासगी मालकीची होण्याची: ओडिशात १९९९ मध्ये, दिल्लीत २००२ मध्ये आणि आपल्या शेजारच्या दादरा-नगर हवेली व दमण-दीवमध्ये २०२२ मध्ये असे घडले. (गोव्यात मात्र वीज हे आजही थेट सरकारी खाते आहे.) चौथी व्यवस्था सर्वांत कमी गाजते आणि सर्वांत जास्त पसरते. मीटर बसवणे, रीडिंग घेणे, बिले वाटणे, तारांची दुरुस्ती अशी कामे एकेक करून कंत्राटदारांकडे जातात आणि पाटी महावितरणचीच राहते. स्मार्ट मीटरची २०२३ मधील कंत्राटे याच प्रकारातील आहेत. आपल्या भागात यांपैकी काय घडत आहे हे एका वाक्यात लिहिता आले नाही, तर पुढे जाऊ नये; अर्धे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात ते याच कारणाने.

हस्तांतरणापूर्वीची नोंद

या मार्गदर्शिकेतील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि ते हस्तांतरणाच्या आधीच होऊ शकते. शक्य असल्यास पूर्ण एक वर्षाची नोंद ठेवावी, म्हणजे उन्हाळ्याचा भार आणि पावसाळ्याचे बिघाड दोन्ही तिच्यात येतात. तेवढा अवधी नसेल तर किमान जून ते सप्टेंबर सोडू नये.

वीज किती वेळा आणि किती वेळ जाते, हे सर्वांना विचारत बसण्याची गरज नसते. ज्याचे पोट विजेवर आहे त्याला ते मिनिटासह ठाऊक असते. पिठाची गिरणी, झेरॉक्सचे दुकान, यंत्रमागाचा कारखाना, बर्फाचा कारखाना यांपैकी दोघा-तिघांना वही द्यावी आणि ‘गेली’ व ‘आली’ अशा दोनच रकान्यांत वेळ लिहायला सांगावे. याखेरीज दोन तयार दस्तऐवज बहुतेक गावांत असतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींच्या शीतपेटीचे तापमान दररोज सकाळ-संध्याकाळ नोंदवहीत लिहिले जाते आणि त्याच वहीत वीज गेल्याचीही नोंद असते. पाणीपुरवठा योजनेचा पंपचालकही पंप कधी चालू झाला आणि कधी बंद पडला हे लिहितो. या दोन्ही वह्या आपल्या वस्तीच्या चळवळीसाठी तयार झालेल्या नसल्यामुळेच सुनावणीत त्यांना वजन असते.

प्रत्येक नोंदीपुढे फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून आपल्या भागाकडे येणाऱ्या वाहिनीचे, आणि रोहित्राचे, म्हणजे बोलीत ज्याला आपण डीपी म्हणतो त्याचे, नाव किंवा क्रमांक लिहावा. हा क्रमांक पेटीवर रंगवलेला असतो. पुसला असेल तर लाइनमनला विचारावा. ‘आमच्या भागात वीज जाते’ या तक्रारीचे उत्तर ‘संपूर्ण विभागाची सरासरी चांगली आहे’ असे देता येते, पण एका फीडरच्या नोंदीला त्याच फीडरच्या नोंदीने उत्तर द्यावे लागते.

बिलांसाठी वीस ते तीस घरे पुरतात; मात्र ती आपल्या ओळखीची म्हणून निवडू नयेत. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेली, १०१ ते ३०० मधील आणि त्याहून अधिक वापराची घरे असावीत, एखादे दुकान असावे, भाडेकरूचे घर असावे, आणि एक तरी घर असे असावे की जिथे मीटर बंद पडल्यामुळे सरासरी बिल येत आहे. प्रत्येक घराच्या मागील बारा बिलांची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांतून युनिट, मंजूर भार, वर्गवारी, सुरक्षा ठेव व थकबाकी या पाच गोष्टी वहीत उतरवाव्यात. रक्कम मुख्य रकान्यात घेऊ नये, कारण रक्कम दरबदलानेही वाढते. युनिट वाढले की दर वाढला, हे वेगळे करता आले नाही तर पुढचा सारा युक्तिवाद कोसळतो.

हे वेगळे करणे किती अवघड असते याचे उदाहरण मालेगाव आणि मुंब्रा-शीळ-कळवा या भागांत मिळते. मार्च २०२० मध्ये दोन्ही ठिकाणी फ्रँचायझी सुरू झाली आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. जूनमध्ये तीन महिन्यांची बिले एकत्र आली तेव्हा तेथील अनेकांनी नव्या कंपनीला दोष दिला, पण तशीच बिले त्या महिन्यात राज्यभर सर्वत्र आली होती. यावरचा उपाय म्हणजे आपल्यासारखाच, पण महावितरणकडेच राहिलेला एखादा भाग निवडून तेथेही हीच नोंद ठेवणे. मालेगाव किंवा भिवंडीची तुलना करायची तर इचलकरंजी सोयीची आहे: यंत्रमागाचेच गाव, राज्याच्या यंत्रमाग सवलतीचे निकष तेच, वीज मात्र महावितरणची. तिकडे ओळखीचा एखादा कारखानदार किंवा शिक्षक असला तरी पुरे.

सुरक्षितता कशी मोजावी

वस्तीची सुरक्षितता म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लोंबत्या तारा येतात आणि ते योग्यच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार निम्नदाब तार रस्ता ओलांडत असेल तर ती जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच असावी आणि रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.५ मीटर. इमारतीवरून जाणारी तार गच्चीपासून किमान २.५ मीटर वर आणि बाजूने जाणारी तार भिंतीपासून किमान १.२ मीटर दूर असावी. हे अंतर मोजण्यासाठी तारेजवळ काठी, टेप किंवा पाइप कधीही नेऊ नये. शेजारच्या इमारतीच्या मजल्याच्या उंचीशी तुलना करून अंदाज घ्यावा आणि नेमके मोजमाप विद्युत निरीक्षकाला करू द्यावे. वस्तीचा साधा नकाशा काढून त्यावर उघड्या डीपी, झाकण तुटलेले फीडर पिलर (रस्त्याकडेच्या केबलजोडणीच्या पेट्या), गंजलेले किंवा कललेले खांब, पावसात विजेचा झटका बसणाऱ्या जागा आणि झाडांत गुंतलेल्या तारा यांच्या खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेचे छायाचित्र तारखेसह असावे.

फ्रँचायझीत कंपनीची कमाई गळती कमी होण्यावर आणि वसुलीवर अवलंबून असते. म्हणून चोरून वीज घेण्यासाठी तारांवर आकडे टाकता येऊ नयेत यासाठी उघड्या तारांच्या जागी आवरण असलेल्या केबल लवकर येतात आणि त्यामुळे वस्ती आपोआप अधिक सुरक्षित होते. हा फायदा नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्या गल्लीत चोरीही नाही आणि फारसा वापरही नाही, तेथील कललेला खांब बदलून कोणाचेही उत्पन्न वाढत नाही. नकाशा पुन्हा वर्षभराने पाहताना कोणत्या खुणा मिटल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, हे या दृष्टीने तपासावे. करारात सहसा कंपनीने किती भांडवली खर्च करायचा हे लिहिलेले असते. तो खर्च कुठे झाला, हा प्रश्न नकाशा हातात असेल तरच विचारता येतो.

अपघात झाल्यास त्याची सूचना विद्युत निरीक्षकाला २४ तासांच्या आत देणे पुरवठादारावर बंधनकारक आहे आणि चौकशीची तरतूद विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये आहे. वस्तीने पुरवठादाराच्या सूचनेवर विसंबून न राहता जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाकडे स्वतःचे पत्र द्यावे, पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत मिळवावी आणि जनावर दगावले तरी तेच करावे. घटनेच्या जागेवरील तार किंवा खांब ‘दुरुस्ती’ म्हणून त्याच संध्याकाळी बदलला जातो, तेव्हा छायाचित्रे आधी घ्यावीत.

वादळानंतरचा प्रश्न याहून मोठा आहे. ओडिशात मध्य विभागाचे वितरण एईएस या अमेरिकी कंपनीकडे गेले आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, महाचक्रीवादळाने ते जाळे उद्ध्वस्त केले. दोन वर्षांत कंपनी बाहेर पडली आणि जबाबदारी पुन्हा सरकारी यंत्रणेच्या गळ्यात आली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत हजारो खांब उभे करण्यासाठी महावितरणला इतर जिल्ह्यांतून पथके आणता आली, कारण त्या जिल्ह्यांतही तीच कंपनी होती. एका शहरापुरत्या खासगी कंपनीकडे अशी राखीव कुमक कुठून येणार, ती कराराने बांधलेली आहे का आणि खर्च कोणाचा, हे किनारपट्टीवरील व पूरप्रवण गावांनी लेखी विचारले पाहिजे. त्याबरोबर साधी गणती करावी: हस्तांतरणापूर्वी आपल्या उपविभागात लाइनमन किती होते, आता किती आहेत, त्यांपैकी कायम किती व कंत्राटी किती, आणि रात्री बारानंतर फोन उचलणारा माणूस आपल्या तालुक्यातला आहे का. कुठला जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) कुठे आहे आणि कोणता खांब पहिल्या पावसात दगा देतो, हे ज्ञान कोणत्याही नकाशात नसते. ते जुन्या वायरमनच्या डोक्यात असते आणि त्याची बदली झाली की तेही जाते.

शेतकरी वस्त्यांत सुरक्षिततेचा अर्थ वेगळा आहे. कृषी वाहिन्यांना आलटूनपालटून दिवसा व रात्री वीज मिळते. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला जुन्नरसारख्या भागात बिबट्याची आणि सर्वत्र सापाची धास्ती असते. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी विकासकांनी उभारलेल्या प्रकल्पांतून दिवसा वीज मिळू लागली, तर तो खासगी सहभागाचा थेट लाभ ठरतो, म्हणून रात्रीच्या पाळ्या किती कमी झाल्या याची नोंद आवर्जून ठेवावी.

छाप्यांबाबत घरोघरी माहिती असावी, कारण वसुली कडक झाली की भीती आणि अफवा दोन्ही वाढतात. कलम १३५ नुसार घरातील तपासणी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, घरात राहणारा प्रौढ पुरुष उपस्थित असल्याशिवाय करता येत नाही. तपासणीच्या वेळी घरातील व्यक्ती किंवा तिचा प्रतिनिधी हजर असावा लागतो आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर सह्या घ्याव्या लागतात. चोरीच्या कारणाने वीज तोडल्यास २४ तासांत पोलिसांकडे तक्रार नोंदवणे पुरवठादारावर बंधनकारक आहे. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नये, आणि आलेल्या माणसांचे ओळखपत्र पाहून त्यांची नावे वहीत लिहावीत. चोरी करणाऱ्याला वाचवणे हा याचा हेतू नाही; आकडा टाकलेल्या तारेने शेजाऱ्याचे मूल मरते, हे वस्तीने स्वतःच सांगायला हवे.

पोलीस आणि कंपनी यांचे नाते कसे असावे, याचा धडा गुहागरने महागात घेतला आहे. तेथील एन्रॉनच्या दाभोळ वीजनिर्मिती प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर झालेली कारवाई, जून १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छिमार वस्तीवर पहाटे पडलेला छापा आणि प्रकल्पाच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनीने उचलणे, या गोष्टी ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मधील अहवालात तपशिलाने मांडल्या. वितरण आणि निर्मिती यांत फरक आहे, पण प्रश्न तोच लागू होतो: वीजचोरीविरोधी मोहिमेत येणाऱ्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे कोण भरते? हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

कल्याणाची मोजणी

घराच्या कल्याणाचा पहिला निकष वीज तोडण्याची पद्धत. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी कलम ५६ नुसार पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी, ती बिलात सातत्याने दाखवलेली नसेल तर, वसूल करता येत नाही. हस्तांतरणाच्या वेळी जुन्या थकबाकीच्या याद्या नव्या कंपनीकडे जातात आणि आजोबांच्या नावाचे विसरलेले मीटर अचानक बिलात उगवते, तेव्हा या तरतुदी कामी येतात. म्हणून वस्तीतील किती घरांची वीज नोटिशीविना तोडली गेली, ही संख्या दर महिन्याला लिहावी.

सार्वजनिक सेवांचे नुकसान घरांच्या नुकसानीपेक्षा उशिरा दिसते. पथदिवे आणि पाणीपुरवठा योजना यांची बिले ग्रामपंचायतींकडे थकलेली असतात, आणि ती वसूल करण्यासाठी दिवे व पंप तोडण्याची मोहीम महावितरणनेही राबवली आहे. २०२१ मध्ये ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याचा आदेश निघाला तेव्हा सरपंचांनी त्याला विरोध केला. खासगी कंपनी याबाबतीत अधिक उदार असेल असे मानायला आधार नाही. पथदिवे बंद राहिल्यास शिकवणीहून परतणाऱ्या मुली कोणता रस्ता टाळतात, हे बचत गटातील महिलांना विचारून नकाशावर दाखवावे. पंप तोडल्यास पाण्यासाठी किती फेऱ्या वाढल्या, हेही त्यांनाच विचारावे. ही माहिती कोणत्याही नियामकाच्या तक्त्यात नसते.

समांतर परवान्याच्या भागात मात्र लक्ष ग्राहकांच्या निवडीवर ठेवावे. मोठा वापर करणारे आणि व्यापारी ग्राहक जास्त दर देतात आणि त्यातून छोट्या घरांचा दर खाली ठेवला जातो. मुंबई उपनगरांत सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर ग्राहकांना टाटा पॉवर आणि तेव्हाची रिलायन्स यांत निवड करता आली. पण स्थलांतर प्रामुख्याने मोठ्या ग्राहकांचे होत असल्याचे दिसल्यावर २०१२ मध्ये आयोगाला हे स्थलांतर ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरते मर्यादित करावे लागले. तेव्हा नव्या कंपनीने पहिल्या दोन वर्षांत केबल कोणत्या रस्त्यांवर टाकली, हे नकाशावर रंगवावे. कलम ४३ नुसार मागणी करणाऱ्या प्रत्येकाला वीज देणे परवानाधारकावर बंधनकारक आहे. चाळीतील आणि झोपडपट्टीतील दहा जणांनी अर्ज करून पोच घ्यावी आणि उत्तराची तारीख लिहावी. मॉलला मिळालेल्या जोडणीची तारीख शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते.

काही गोष्टी मात्र खासगीकरणाच्या खात्यावर मांडू नयेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली तेव्हा टाटा, अदानी आणि बेस्ट या तिघांच्याही ग्राहकांची वीज गेली, कारण बिघाड सर्वांना वीज आणून देणाऱ्या पारेषण वाहिन्यांत होता.

कागद, सुनावणी आणि तक्रार

खासगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू होतो की नाही, या वादात वेळ घालवू नये. फ्रँचायझीचा करार, तिचे मासिक अहवाल, भांडवली खर्चाचे तक्ते आणि अपघातांच्या नोंदी महावितरणकडे असतात. महावितरण सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि माहिती अधिकार कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्याने मिळवता येणारी खासगी संस्थेची माहितीही येते. अर्ज महावितरणच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा, एका अर्जात एकच विषय असावा आणि फीडरचे नाव व कालावधी नेमका लिहावा. अपघातांसाठी स्वतंत्र अर्ज विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात करावा.

परवाना आणि दरनिश्चिती यांवर आयोग जाहीर नोटीस काढून हरकती मागवतो. हरकत लिहिताना भावनिक प्रास्ताविक टाळावे. प्रत्येक परिच्छेदात एक नोंद, तिचा पुरावा आणि त्यावरून सुचवलेली एक अट असावी. ‘परवाना देऊ नये’ एवढेच लिहिलेली शेकडो पत्रे एका ओळीत निकाली निघतात. ‘अमुक फीडरवर पावसाळ्यात इतक्या वेळा वीज गेली, जोडपत्रात आरोग्य केंद्राची नोंदवही आहे, परवाना दिल्यास फीडरनिहाय आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करण्याची अट घालावी’ असे लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन उत्तर द्यावे लागते.

वैयक्तिक तक्रार आधी पुरवठादाराकडे, नंतर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालाकडे जाते. फ्रँचायझीच्या भागातही हाच मार्ग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावे लागते. विलंब किंवा निकृष्ट सेवेसाठी भरपाईचे तक्ते आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहेत. मात्र चोरीचे आरोप, अनधिकृत वापराची आकारणी आणि अपघात हे विषय मंचापुढे चालत नाहीत. अनधिकृत वापराच्या अंतिम आकारणीवर कलम १२७ नुसार तीस दिवसांत अपील करावे लागते आणि त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हे अनेकांना मुदत टळल्यावर कळते.

मुदत संपते तेव्हा

करार होताना जेवढी चर्चा होते, तेवढी तो संपताना होत नाही. औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर या तिन्ही शहरांत २०११ मध्ये फ्रँचायझी आल्या आणि त्या अनुक्रमे २०१४, २०१५ व २०१९ मध्ये संपुष्टात येऊन कारभार महावितरणकडे परतला. अशा वेळी ग्राहकांच्या सुरक्षा ठेवी, प्रलंबित नवीन जोडण्यांचे अर्ज, मंचापुढील प्रकरणे आणि कंत्राटी कामगारांची थकलेली देणी यांचे काय होणार, हे करारातील समाप्तीच्या कलमांत शोधावे लागते. ती कलमे करार सुरू असतानाच मागवून वाचावीत. भिवंडीच्या कराराला २०१७ मध्ये दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली होती, म्हणजे ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची. अशा कोणत्याही तारखेच्या एक वर्ष आधी पहिल्या वर्षाची वही पुन्हा उघडावी, त्याच घरांची बिले नव्याने गोळा करावीत, त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाने खुणा कराव्यात आणि दोन्ही कागद जोडून मुदतवाढीच्या अटींविषयीचे पत्र महावितरणच्या मुख्य कार्यालयाला, आयोगाला आणि स्थानिक आमदाराला पोच घेऊन द्यावे.